वालाचं प्रथिन वालासाठी

बदलापूर सोडून वांगणीकडे निघालं की चामटोली लागते. भात कापून झालं की शेतात जी ओल उरते तिच्यावर वाल पेरायचे, ही ठाणे-रायगडकडची जुनी रीत. आता या बाजूला पिकांपेक्षा नव्या गृहसंकुलांच्या पाट्याच जास्त उगवतात, पण कडवे वाल घराघरांत अजून भिजतात. रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, आणि मग कुठे डाळिंब्यांची उसळ नाहीतर बिरडं. एवढी खटपट कशासाठी, असं विचारलं तर जुन्या बायका एका वाक्यात उत्तर देतात: तसेच खाल्ले तर बाधतात.

हे पुस्तक प्रथिनांबद्दल आहे, आणि ‘बाधतात’ या उत्तरातच त्याचा विषय दडलेला आहे. प्रथिन म्हटलं की आज लोकांसमोर व्यायामशाळेतला मोठा काळा डबा उभा राहतो, किंवा डाळीच्या पाकिटामागचा तक्ता: शंभर ग्रॅममागे अमुक इतके ग्रॅम. तो आकडा खोटा नसतो, पण तो वाचून एक चुकीची समजूत पक्की होते. वाटतं, प्रथिन नावाचा एकच पदार्थ आहे, तो कुठे कमी असतो, कुठे जास्त, आणि तो आपल्याला मिळावा म्हणूनच डाळीत ठेवलेला आहे. वालाच्या एका दाण्यात हजारो निरनिराळी प्रथिनं असतात, आणि त्यातलं एकही आपल्या पोटासाठी घडलेलं नसतं. काही कोंबाला सुरुवातीचे दिवस पुरावीत म्हणून साठवलेली, काही तो साठा वेळ आल्यावर फोडणारी, काही पेशीच्या आवरणात बसून आत काय येऊ द्यायचं ते ठरवणारी. आणि काही सरळसरळ खाणाऱ्याच्या विरोधातली. प्रथिन आधी कोणाच्या तरी कामाचं असतं. अन्न ते नंतर होतं. पुस्तकभर मी हेच वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे.

वालासारख्या कडधान्यांतलं हे खाणाऱ्याच्या विरोधातलं प्रथिन मुंबईच्या एका प्रयोगशाळेत फार पूर्वी वेगळं काढून तपासलं गेलं. ज्यांच्या देखरेखीखाली ते काम झालं त्या बाईंचं नाव मराठी वाचकाला माहीत आहे, काम मात्र फारसं माहीत नाही. म्हणून त्यांच्यापासून सुरुवात.

कमला भागवत यांचा जन्म 1911 चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. थोरली बहीण दुर्गा. मराठीत ज्यांना नुसतं दुर्गाबाई म्हटलं तरी पुरतं त्याच. कमलाबाई 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या आणि वडिलांच्या वाटेने त्यांनी बंगळूरला अर्ज केला. संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार बाई. कमलाबाई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या आणि कारण विचारत राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष उमेदवारीचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि आपल्यामुळे तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. वर्षभराने रामन यांनी त्यांना नियमित विद्यार्थिनी करून घेतलं आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. हा अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. उतारवयातही त्याबद्दल स्पष्ट बोलत.

ही हकिगत आता पुष्कळदा सांगितली जाते आणि सांगितली जावीही. माझी तक्रार एवढीच, की सांगणारे दारापाशीच थांबतात. दार उघडलं, बाई आत गेल्या, टाळ्या. आत गेल्यावर त्यांनी काय शोधलं हे विचारलं तर बहुतेक वक्ते ‘जीवरसायनशास्त्रात मोलाचं कार्य’ असं काहीतरी पुटपुटतात. ते कार्य दोन प्रथिनांभोवती फिरतं, आणि ती दोन्ही प्रथिनं या पुस्तकाच्या कण्यासारखी आहेत.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम करून 1936 मध्ये एम.एस्सी. केलं. पुढच्या वर्षी केंब्रिज. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केलं. हिल वनस्पतींचे अभ्यासक. त्यांच्याकडे बटाट्याच्या पेशी तपासताना कमलाबाईंना त्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन काम करताना सापडलं. प्राण्यांच्या पेशी श्वसन करतात तेव्हा अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात. त्या ने-आणीतला शेवटून दुसरा हात म्हणजे सायटोक्रोम सी. बटाटाही तसाच श्वास घेतो, त्याच प्रथिनाच्या मदतीने, हे त्यांच्या प्रबंधाचं सार. प्रबंध अवघा चाळीस पानांचा, आणि पीएच.डी. 1939 ची. विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्याच वर्षी हिल आणि भागवत या जोडीने सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर ‘नेचर’मध्ये टिपणही छापलं. बटाट्याचं हे प्रथिन आपण थोडा वेळ बाजूला ठेवू. ते उत्क्रांतीच्या भागात पुन्हा लागणार आहे.

दिल्लीचं लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा, आणि 1947 मध्ये लग्न होऊन मुंबई. आता त्या कमला सोहोनी. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा विभाग उभा राहिला तो त्यांच्या हातून. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. विभागात त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेले विषय पाहिले तर बाईंची नजर कुठे होती ते कळतं. नीरा, ताडगूळ, भाताचं पीठ, आणि कडधान्यं. परदेशी नियतकालिकांत त्या वेळी गाजत असलेले विषय बाजूला ठेवून त्यांनी गरिबाच्या ताटातले जिन्नस उचलले. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं म्हणून तेच लक्षात राहिलं. मला स्वतःला कडधान्यांवरचं काम जास्त खोल वाटतं.

आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचं विकर लहान आतड्यात उतरतं. अन्नातल्या प्रथिनांच्या साखळ्या ते ठरावीक जागी तोडतं आणि मग तुकडे रक्तात शोषता येतात. सोहोनींच्या विभागाने भारतीय अन्नपदार्थ एकेक करून तपासले आणि अनेक कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं आहेत हे 1950 च्या दशकात दाखवलं. डबल बी आणि वाल या दोन्हींवर पुढे वर्षानुवर्षं काम चाललं. वालात दुसरंही एक प्रथिन मिळालं, तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारं. 1965 मध्ये साळगरकर आणि सोहोनी यांनी ते शुद्ध करून त्याचे गुणधर्म छापले. म्हणजे दाणा दोन पातळ्यांवर सज्ज असतो. एक प्रथिन खाणाऱ्याचं पचन बिघडवतं, दुसरं आतड्याच्या अस्तरावरच्या साखरेच्या रेणूंना जाऊन धरतं. ‘बाधतात’ ते असे.

मग भिजवून, मोड आणून, शिजवून काय होतं? याचं उत्तर द्यायला प्रथिन कसं बांधलेलं असतं ते पाहावं लागतं.

सगळ्या सजीवांत मिळून प्रथिनं बांधायला मुख्यतः वीसच अमिनो आम्लं वापरात आहेत. त्यांची एकापुढे एक साखळी असते. इन्सुलिनमध्ये 51, आपल्या स्नायूंतल्या टायटिनमध्ये चौतीस हजारांच्या पुढे. इन्सुलिनमधला क्रम फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत पुरा उलगडला आणि तेव्हा प्रथमच खात्री पटली, की प्रत्येक प्रथिनाला आपला असा नेमका क्रम असतो, अदमासे नव्हे. पण क्रम म्हणजे अजून प्रथिन नव्हे. साखळीतली काही आम्लं पाण्याला धरून राहतात, काही पाणी टाळतात. पेशीत सगळीकडे पाणीच, त्यामुळे पाणी टाळणारी आम्लं आत सरकतात, साखळी स्वतःवरच वळते, वेटोळी घेते, पट्टे पट्ट्यांना लागून बसतात आणि एक विशिष्ट आकार तयार होतो. काम करतो तो हा आकार. ट्रिप्सिनच्या खोबणीत लायसिन किंवा अर्जिनिन बरोबर बसतं म्हणून ते तिथेच साखळी तोडतं.

हा आकार घडवतं कोण? ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या 124 अमिनो आम्लांच्या विकरावर प्रयोग केला. त्यात गंधकाचे चार पूल असतात, आठ सिस्टिनांच्या जोड्यांनी बांधलेले. त्यांनी पूल तोडले, युरिया घालून साखळी पूर्ण सैल केली, काम बंद पडलं. मग ते सगळं काढून घेतल्यावर साखळी आपणहून परत मूळ आकारात आली आणि काम सुरू झालं. आठ सिस्टिनांच्या जोड्या 105 प्रकारांनी लावता येतात. साखळीने बरोबर एकच प्रकार निवडला. आकाराची सूचना बाहेरून येत नाही, ती क्रमातच असते. 1972 चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. प्रयोग साधा दिसतो, पण मी वाचलेल्या जीवरसायनातल्या प्रयोगांत इतका नेटका दुसरा नाही.

त्याच सुमारास मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी 1963 मध्ये प्रश्नाची दुसरी बाजू सोडवली होती. साखळीच्या प्रत्येक सांध्याला दोन कोनांत फिरता येतं. पण अणूंना स्वतःची जागा लागते, त्यामुळे बहुतेक कोनांत ते एकमेकांवर आपटतात. कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य याचा त्यांनी आलेख मांडला. आज जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना मांडली की ती बरोबर आहे का हे आधी या आलेखावर तपासतात. त्यासाठी लागली हातानं करायची आकडेमोड आणि विचार.

आकार महत्त्वाचा म्हणजे किती महत्त्वाचा, याचा एक दाखला आमच्याच भागात आहे. उल्हासनगरला लागून शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. रेयॉनला पूर्वी कृत्रिम रेशीम म्हणत. चमक तीच, झुळझुळ तीच. पण रेयॉन लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून काढतात, म्हणजे ती ग्लुकोजची साखळी. आणि रेशीम हे फायब्रोइन नावाचं प्रथिन. त्यात ग्लायसिन आणि अलानिन ही अगदी लहान आम्लं आलटून पालटून येतात, म्हणून साखळ्यांचे सपाट पट्टे एकमेकांवर घट्ट बसतात आणि इतका बारीक धागा इतका चिवट होतो. जुने कापडवाले धागा जाळून पाहत. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, कारण केसही प्रथिनच. रेयॉनला जळक्या कागदाचा.

उष्णता दिली की प्रथिनाचा आकार उकलतो. आत दडलेले पाणी टाळणारे भाग उघडे पडतात आणि शेजारच्या साखळीच्या तसल्याच भागांना चिकटतात. उकडलेलं अंडं गार केलं तरी परत पातळ होत नाही ते यामुळे. वालाचंही तेच. भिजताना काही प्रथिनं पाण्यात उतरतात, मोड येताना दाणाच आपला साठा आणि आपली शस्त्रं मोडून कोंबाला देऊ लागतो, आणि पाण्यात चांगलं शिजलं की उरलेल्या बहुतेकांचा आकार जातो. अमिनो आम्लं तीच राहतात, तक्त्यातला आकडा तोच राहतो, फक्त विरोध संपतो. अर्थात सगळी प्रथिनं इतक्या लवकर हार मानत नाहीत. कडधान्यांत बोमन-बर्क नावाचा अवरोधकांचा एक गट आहे. सत्तरेक अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, पण त्यात गंधकाचे सात पूल, त्यामुळे ते उष्णतेला बराच वेळ दाद देत नाही. त्याला दोन डोकी असतात, एक ट्रिप्सिनला धरतं, दुसरं बहुधा कायमोट्रिप्सिनला. धरण्याची तऱ्हाही पाहण्याजोगी आहे. अवरोधक आपल्या साखळीचा एक वेढा विकराच्या खोबणीत घालतो, जणू तोच तोडायचा तुकडा आहे. विकर तोडायला जातं आणि घशात हाड अडकावं तसं अडकून बसतं.

माणसाने यावर चूल शोधली. अळीकडे चूल नाही. मग ती काय करते?

याचं उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आलं. हरभरा आणि तूर पिकवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला घाटेअळी माहीत आहे. अशोक गिरी, अभय हरसुळकर, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आतड्यातली विकरं तपासली. 1998 मध्ये त्यांनी दाखवलं, की हरभऱ्याचे अवरोधक या अळीपुढे चालत नाहीत. तिची आतड्यातली विकरं त्या अवरोधकांनाच फोडून टाकतात. हरभरा आणि घाटेअळी एकमेकांच्या सहवासात घडत आलेत, तेव्हा अळीकडे तोड असणारच. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरी बाजू मांडली. घाटेअळी जी पिकं खाते त्यांचे अवरोधक निष्प्रभ, पण शेंगदाणा, चौधारी घेवडा, बटाटा यांसारख्या तिच्या खाण्यात नसलेल्या वनस्पतींचे अवरोधक तिची वाढ खुंटवतात. मला हे निष्कर्ष उत्क्रांतीच्या कुठल्याही पुस्तकी व्याख्येपेक्षा बोलके वाटतात. लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांकडे जायला नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या घाट्यावर, याच हंगामात, दोन प्रथिनांच्या आकारांची झटापट चाललेली आहे. दाण्याच्या बाजूला थोडा बदल झाला की अळीच्या बाजूने त्याला उत्तर देणारी एखादी विकराची जात टिकून राहते आणि वाढते. फवारणीच्या औषधांना अळी सरावते त्यामागेही हाच व्यवहार आहे, पण शेतीच्या चर्चेत त्याचा दोष नेहमी औषधाच्या भेसळीवर ढकलला जातो. भेसळ असतेच, पण ते संपूर्ण कारण नाही.

आता बाजूला ठेवलेला बटाटा.

कमलाबाईंनी त्यात सायटोक्रोम सी पाहिलं तेव्हा त्याचा क्रम कोणालाच ठाऊक नव्हता. तो साठच्या दशकात एकेका प्राण्याचा, वनस्पतीचा कळत गेला, आणि 1967 मध्ये वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलियाश यांनी केवळ या एका प्रथिनातले फरक मोजून सजीवांची वंशावळ काढून दाखवली. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये 104 अमिनो आम्लं. चिंपांझीचं अगदी तेच, एकाही जागी फरक नाही. ऱ्हीसस माकडात एक फरक. घोड्यात बारा. गव्हात चाळीसच्या आसपास, यीस्टमध्ये त्याहून थोडे जास्त. हाडं, दात, खुरं न बघता नुसत्या या मोजणीवरून निघालेली वंशावळ जीवाश्मांवरून काढलेल्या वंशावळीशी ढोबळमानाने जुळली. मला याहून मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे न बदललेल्या जागा. लोहाला धरून बसलेली आम्लं, पलीकडच्या प्रथिनाला टेकणारा भाग, या जागा गव्हापासून माणसापर्यंत जशाच्या तशा. तिथे बदल झाला तो जीव टिकला नाही, म्हणून तो बदल आपल्याला दिसत नाही. प्रयोगशाळेत गव्हाच्या अंकुरातलं सायटोक्रोम सी माणसाच्या ऑक्सिडेजपुढे ठेवलं तर ते त्याला इलेक्ट्रॉन देतं. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन वंश, आणि प्रथिनांची ओळख अजून पुसलेली नाही.

1996 मध्ये याच सायटोक्रोम सीचं आणखी एक काम बाहेर आलं. पेशीला स्वतःहून मरायचं असतं, म्हणजे गर्भात बोटांमधला पडदा झडायचा असतो किंवा बिघडलेली पेशी काढून टाकायची असते, तेव्हा तंतुकणिकेतून सायटोक्रोम सी बाहेर सुटतं आणि मरणाची प्रक्रिया चालू करतं. श्वास चालवणारं प्रथिन मरणाची खूणही देतं. उत्क्रांती नवी प्रथिनं क्वचितच कोऱ्या पाटीवर घडवते. हाताशी असलेलंच दुसऱ्या कामाला लावते.

तशी उदाहरणं पुस्तकात बरीच आहेत, त्यातलं एक आमच्या बांधावरचं. नागाच्या विषातलं फॉस्फोलिपेज ए-2 हे आपल्या स्वादुपिंडातून अन्नातली चरबी पचवायला येणाऱ्या विकराच्याच कुळातलं आहे. जनुकाची एक जादा प्रत तयार झाली, मूळ प्रत आपलं काम करत राहिली, जादा प्रत मोकळी झाली आणि पिढ्यांमागून पिढ्या बदलत विषग्रंथीत स्थिरावली. भातशेतीत घोणस जास्त दिसते, आणि तिच्या विषातलं एक प्रथिन आपल्या रक्त गोठवण्याच्या साखळीतला दहावा घटक नेमका चालू करतं. इतकं नेमकं, की 1934 मध्ये मॅकफार्लन यांनी पातळ केलेलं घोणसेचं विष हिमोफिलियाच्या रोग्यांचा रक्तस्राव थांबवायला वापरलं, आणि आजही रक्ताच्या एका तपासणीत ते वापरतात. विषावरचा उताराही प्रथिनच: घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं. परळच्या हाफकिनचं नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालं त्यात या उताऱ्याचा वाटा मोठा आहे.

एका जागेच्या बदलाची किंमत काय असते हे विदर्भाला आणि नंदुरबारला सांगावं लागत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं. त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. व्हर्नन इन्ग्रम यांनी हा फरक 1957 पर्यंत नेमका शोधला. आईवडील दोघांकडून हा बदल आला तर सिकलसेलचा आजार. एकाकडूनच आला तर मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यापासून बरंच संरक्षण. म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत तो टिकला. आजार असलेल्या मुलाच्या आईला या हिशेबाने काही दिलासा मिळत नाही, हे माहीत असूनच मी तो मांडला आहे. आजार आदिवासींच्या कसल्या चुकीमुळे आला अशी कुजबूज अजून ऐकू येते, ती तरी त्यामुळे थांबावी.

प्रथिन नसण्यातूनही कळतं. 1952 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असा रक्तगट नोंदवला, की जो ए, बी, ओ यांपैकी कशातच बसत नव्हता. ओ गटाचं रक्तही त्या लोकांना चालत नाही. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. पेशीवर एच नावाची साखर बसवणारं विकर त्यांच्यात काम करत नाही. आपल्याकडच्या बहुतेक बॉम्बे गटवाल्यांत त्या विकराच्या 242 व्या जागी ल्युसिनऐवजी अर्जिनिन आलेलं असतं. गंमत अशी, की हे विकर नसूनही ही माणसं धडधाकट जगतात. रक्त लागेपर्यंत बहुतेकांना ते कळतही नाही. सायटोक्रोम सीशिवाय जगता येत नाही, याच्याशिवाय येतं. सगळी प्रथिनं सारखीच अपरिहार्य नाहीत.

हे पुस्तक लिहून होत आलं तेव्हा विषयाखालची जमीन बरीच हलली होती. क्रमावरून आकार ओळखण्याचं कोडं पन्नास वर्षं अडलेलं होतं; 2020 मध्ये आल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने ते बहुतांशी सोडवलं, 2022 पर्यंत वीस कोटींच्या वर प्रथिनांचे अंदाजी आकार सर्वांना खुले झाले, आणि 2024 चं रसायनाचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि नवी प्रथिनं रचणारे डेव्हिड बेकर यांना मिळालं. बदलापूरच्या महाविद्यालयातली मुलगी आज मोबाइलवर प्रथिनाचा अंदाजी आकार फिरवून पाहू शकते. मी याने हरखलो आहे, पण भारावलेलो नाही. आकार मिळाला म्हणजे काम कळलं असं होत नाही, आणि साखळी त्या आकारापर्यंत कोणत्या वाटेने पोचते हे ती प्रणाली सांगत नाही. सोहोनींच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी ट्रिप्सिनमध्ये कडधान्याचा अर्क घालून पचन किती मंदावलं ते मोजत. ते मोजणं अजून कोणाला तरी करावंच लागतं.

मांडणीबद्दल थोडं. अमिनो आम्लांची नावं मी प्रचलित ठेवली आहेत. नवी संस्कृत नावं घडवून वाचकाला दोनदा शिकायला लावायची मला हौस नाही. रामचंद्रन आलेखाच्या प्रकरणात थोडी भूमिती आहे, ती नको असेल तर आकृत्या बघून पुढे जावं. आहाराचं प्रकरण मुद्दाम शेवटी टाकलं आहे, कारण तोवर प्रथिन ही काय चीज आहे ते कळलेलं असेल आणि भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, दोन्ही एकत्र खाल्लं तर दोघांची उणीव भरते, या जुन्या हिशेबामागचं कारण पुन्हा सांगावं लागणार नाही. कमलाबाईंनी मराठीत ‘आहारगाथा’ लिहिली ती सामान्य गृहिणीला समोर ठेवून. त्या प्रकरणातही वाचक तोच धरला आहे. काळा डबा घ्यावा की नाही एवढंच ज्यांना जाणून घ्यायचं आहे त्यांनी तेच प्रकरण आधी उघडलं तरी माझी हरकत नाही. त्यात डब्यांची नावं नाहीत, वरण-भाताचा हिशेब आहे.

— चामटोली, बदलापूर